डालग्याखालचे एकवीस दिवस

फार फार पूर्वी, प्राणी माणसांशी बोलत असत पण उगाच बोलत नसत, त्या काळातली ही गोष्ट. रानाच्या कडेला एक कुडाचं घर होतं, वर गवताचं छप्पर. घरात एक तरुण आई, तिचं चार महिन्यांचं तान्हं आणि सासू. परसात नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा.

तान्हं झोपायचं, पण आई त्याला झोपू देत नसे. श्वास चालू आहे ना, म्हणून घटकेघटकेला त्याच्या नाकापुढे बोट धरी. बाळ दचकून उठे, रडे, आणि दिवसेंदिवस सुकत जाई. ते सुकतंय म्हणून ती आणखी वेळा बोट धरी. हसू नका. तिच्या जागी आपण काही वेगळं केलं असतं, असं मला तरी छातीठोक सांगता येत नाही.

एके दिवशी काळी कोंबडी खुडूक झाली. पिसं फुलवून बसली ती उठेना. सासूने भुशाच्या पाटीत अकरा अंडी मांडली, सुनेकडून प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढून घेतली, कोंबडी बसवली आणि वर वेताचं डालगं पालथं घातलं.

"ऐक गं," सासू म्हणाली. "दिवसातून एकदा डालगं उचलायचं. ही दाण्यापाण्याला उठली की बाकीच्या हिच्या जागेवर अंडं घालून जातात. बिनरेघेचं दिसलं की काढायचं. एरवी हात लावायचा नाही."

"आणि आत काही बिघडलं तर, आत्याबाई?"

"तिचं ती बघेल. तू काय पिसं लावून बसणार आहेस?"

पहिल्या दिवशी सुनेने डालगं एकदा उचललं. दुसऱ्या दिवशी चारदा. कोंबडी डोळे न मिटता तिच्याकडे बघे. अंडी गार लागली की सून घाबरे, आणि अजून गारच आहेत का, ते पाहायला पुन्हा डालगं उचले.

आठव्या दिवशी कोंबडी बोलली.

"बाई, तुझ्या घराला छप्पर आहे?"

"आहे की."

"असू दे," कोंबडी म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

त्या दुपारी सून बाळाला घेऊन पडली होती. घरात अचानक उजेड झाला. वर पाहते तो छप्पर भिंतीपासून वीतभर उचललेलं. फटीतून गार वारा आला, आणि वारा थांबला तसा एक डोळा दिसला. फट भरून उरेल एवढा, पाणावलेला. तो रागावलेला नव्हता. काळजीत होता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. मग छप्पर हलकेच खाली बसलं.

"आत्याबाई, कुणीतरी आत डोकावलं!"

सासू ज्वारी पाखडत होती. "वारा असेल," ती म्हणाली. मग सुनेकडे पाहून म्हणाली, "छपराचं गवत तुझ्या केसांत कसं आलं गं?"

पुढे रोज असंच. तिने डालगं जितक्यांदा उचलावं, तितक्यांदा छप्पर उचललं जाई. हे तिच्या ध्यानात येत होतं, पण हात आवरत नव्हता. वाऱ्याने बाळ खोकू लागलं.

एकविसाव्या दिवशी अंड्यांतून आवाज येऊ लागले, बंद दाराआडून यावेत तसे. एका अंड्याला बारीक तडा गेला होता. तो पुढे सरकेना. आतलं पिल्लू टकटक करी, थांबे, बराच वेळ थांबे.

"गुदमरतंय ते," सून म्हणाली. तिने अंडं उचललं, पोती शिवायचा दाभण आणला आणि त्याचं टोक तड्याला लावलं.

घरातून कट् असा आवाज आला.

ती अंड्यासकट धावली. आढं तडकलं होतं. छप्पर पुरतं उघडं पडलं होतं, आणि वरून एक भलंमोठं बोट पाळण्यात उतरत होतं, बाळाच्या नाकाकडे. बोटाच्या टोकाला कोळशाचं काळं होतं. नखाजवळ चीर होती.

तिने आपलं बोट पाहिलं. तेच काळं. तीच चीर.

"नको!" ती ओरडली, आणि तिने अंड्यावरून स्वतःचा हात मागे घेतला. वरचं बोटही मागे गेलं, आणि छप्पर खाली बसलं.

तिने अंडं कोंबडीखाली ठेवलं, डालगं घातलं आणि त्याकडे पाठ करून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. मागे टकटक थांबली की ती हात आणखी घट्ट दाबी. घरातून बाळाचा आवाज येत नव्हता.

"बघून येऊ?" तिने विचारलं.

"झोपलंय ते," सासू म्हणाली. "बस."

दिवस कलताना कोंबडीच आतून डालग्याला धडका देऊ लागली. सासूने डालगं उचललं. सात पिल्लं होती. सातवं ओलंच होतं, नुकतं बाहेर आलेलं, पायाशी दाभणाची खूण असलेलं टरफल. चार अंडी मात्र गार राहिली. ती कधीच उघडली नाहीत. सुनेने ती परसात पुरली. प्रत्येकावर तिच्याच हातची रेघ होती.

बाळ त्या दिवशी पहिल्यांदा पुरं झोपलं, आणि पुढे बाळसं धरू लागलं. आढ्यावरचा तडा तसाच राहिला. पाळण्याकडे हात जाऊ लागला की ती आधी वर पाही.

बोध एवढाच: माया करणाऱ्याला हात पुढे करणं आपोआप येतं, हात मागे ठेवणं शिकावं लागतं.