राजवाड्यातला बिनवायरचा झाडू

करंजगडच्या राणीसाहेबांना वायर नसलेला व्हॅक्युम क्लीनर हवा होता आणि आईसाहेबांना त्यावर एक पैही खर्चायची नव्हती. संस्थान कधीच गेलं होतं, पण गावाच्या लेखी महाराज अजून महाराजच होते, आणि हा तंटा त्यांनाच मिटवायचा होता.

"दरबारातला गालिचा झाडायला घेतला की मला शिंकांनी जीव नकोसा होतो," राणीसाहेब म्हणत.

"चार पिढ्या केरसुणीवर निघाल्या," आईसाहेब भिंतीकडे बघून म्हणत. "शिंकून कुणी गेल्याचं मला तरी आठवत नाही. असली वस्तू या घरात विकत घेतली जाणार नाही."

दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. दोन ठिकाणी पानं मांडली जाऊ लागली. महाराजांना कुणालाच नाही म्हणता येईना, म्हणून ते दोन्हीकडे जेवत. त्यांना अंगरखे घट्ट होऊ लागले. यंत्र विकायला शहरातून आलेले देवस्थळी पाहुण्यांच्या खोलीत मुक्काम ठोकून निकालाची वाट बघत होते.

शेवटी महाराजांनी सगळ्या नोकरमाणसांना दरबारात बोलावलं.

"यंत्र राजवाड्यात आलं पाहिजे, कारण राणीसाहेबांची इच्छा आहे. ते विकत घ्यायचं नाही, कारण आईसाहेबांची आज्ञा आहे. शिवाय ते घेण्यासारखं आहे की नाही, हेही मला कळलं पाहिजे. बोला."

"महाराज, हे अशक्य आहे," कारभारी म्हणाले.

"शक्य असतं तर मीच केलं असतं."

फुलांची परडी घेऊन दाराशी उभी असलेली माळ्याची मुलगी कौसा फिसकन हसली. दरबारात दुसरं कुणीच हसलं नव्हतं, त्यामुळे ते फार मोठ्याने ऐकू आलं.

"तुला जमतंय वाटतं," महाराज म्हणाले. "मग तूच सोडव. उद्या जेवणाआधी. नाही जमलं तर तुझ्या बापाने बाग सोडायची."

त्या बागेतलं एकेक झाड कौसाच्या बापाने लावलेलं होतं. संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा बातमी आधीच पोचली होती. बाप विळ्याला धार लावत बसला होता.

"हसायचं होतं तर घरी येऊन हसायचंस," तो म्हणाला आणि परत धार लावू लागला.

कौसा अंथरुणावर पडून विचार करत राहिली. राणीसाहेबांना यंत्र हवं होतं. ते कुठल्या वाटेने येतं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आईसाहेबांचा राग यंत्रावर नव्हताच, तो विकत घेण्यावर होता. हे लक्षात आलं आणि तिला झोप लागली.

सकाळी दरबार भरला. कौसा थेट देवस्थळींसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, एकदा चार्ज केलं की हे किती झाडतं?"

"अख्खं घर, ताई."

"लहान घर?"

"कसलंही घर."

"मग एवढा एक दरबार व्हायला हरकत नाही."

देवस्थळींनी दरबाराकडे पाहिलं. दरबार लांबच लांब होता. पण समोर महाराज बसले होते, राणीसाहेब मोठ्या आशेने बघत होत्या.

"सहज होईल," ते म्हणाले.

"आणि नाही झाला तर?"

"तर हे यंत्र मी इथंच ठेवून जाईन. एक पैसा मागणार नाही."

"महाराजांनी ऐकलं," कौसा म्हणाली आणि बाजूला झाली.

यंत्र सुरू झालं. धुरळा उडाला नाही. राणीसाहेब प्रथमच झाडलोट चालू असताना दरबारात बसून राहिल्या आणि त्यांना एकही शिंक आली नाही. आईसाहेब मात्र काठी टेकत देवस्थळींच्या मागोमाग चालल्या होत्या.

"इथं राहिलंय," त्यांनी काठीने दाखवलं. "इथंही. आणि हे काय आहे?"

गालिचा जाड होता आणि धूळ जुनी होती. देवस्थळींनी घाम पुसला आणि यंत्राचा जोर सगळ्यात वरती नेला. गालिचा लख्ख होऊ लागला. आईसाहेबांनाही काठीने दाखवायला काही सापडेना. मग मधल्या खांबाजवळ यंत्राने एक बारीक सूर काढला आणि ते बंद पडलं. अर्धा दरबार तसाच होता.

देवस्थळींनी बटण दाबून पाहिलं. मग त्यांनी यंत्र महाराजांच्या पायाशी नेऊन ठेवलं.

"महाराज," कौसा म्हणाली, "यंत्र राजवाड्यात आलं. विकत कुणी घेतलं नाही."

महाराजांनी आईसाहेबांकडे पाहिलं.

"मी विकत घ्यायला नको म्हटलं होतं," आईसाहेब म्हणाल्या. "आलेल्याला परत कशाला पाठवायचं? जिन्यावर बरं पडेल."

"माझ्या खोलीतही," राणीसाहेब म्हणाल्या. आईसाहेबांनी मान हलवली. त्या दोघींचं बोलणं सुरू झालं होतं.

"कंपनीला मी काय सांगू?" देवस्थळींनी हळूच विचारलं.

"सांगा, राजवाड्यात आपलंच यंत्र आहे," कौसा म्हणाली. "गावातलं एकही घर या दरबाराएवढं नाही, साहेब. आज दुपारपासून लोक तुमच्याकडेच विचारायला येतील."

देवस्थळींचा चेहरा जरा सावरला.

"आणि माझा तिसरा प्रश्न?" महाराज म्हणाले. "हे घेण्यासारखं आहे की नाही?"

"ज्याचं घर यंत्राच्या आधी संपतं, त्याने घ्यावं. ज्याच्या घराआधी यंत्र संपतं, त्याने असंच मिळवावं."

महाराज इतके हसले की अंगरख्याचा बंद तुटला.

"बाग तुझ्या बापाकडेच राहील. त्याच्यानंतर ती तुझी. आणखी काय हवं ते माग."

"विहिरीवर एक पंप द्या, महाराज. बाबांचे हात दुखतात पाणी ओढून."

"दिला. बिनवायरचा देऊ?"

"नको, महाराज," कौसा म्हणाली. "वायरवालाच द्या. बाग मोठी आहे."