चितळी कोंबडी आणि मोठ्या पडद्याचा फोन

फार पूर्वी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, मालकीणबाईंचा मोठ्या पडद्याचा फोन अंगणातल्या पोत्यावर चालूच राहिला. पडद्यावर ज्वारीचे दाणे सांडत होते. चितळी कोंबडीची पाचही पिल्लं काचेला चोची मारू लागली.

“काय रंग! दाणा न् दाणा दिसतोय की गं!” कोंबडा म्हणाला. बघता बघता चितळीही मान वर करायची विसरली.

एवढ्यात फोन बंद पडला. काळ्या काचेत अख्खं आभाळ उतरलं, आणि त्यात गोल गोल फिरत खाली येणारी घार! चितळीनं कुर्रकन हाक दिली, तशी पिल्लं पंखांखाली शिरली. घार रिकामीच गेली.

“फोन झकास आहे, फक्त बॅटरी टिकत नाही,” कोंबड्यानं निकाल दिला.

“अहो, म्हणून तर पोरं वाचली!” चितळी पिल्लं मोजत म्हणाली. “शेजारच्या खुराड्यांतही एवढं सांगून या.”