उंची गिळणारी सावली

एका राज्यात, जिथे पाखरे बोलत आणि साप पहारा देत, मुले वाढेनाशी झाली. राजाचा युवराजही खुजाच राहिला. डोंगरावर बसलेला कृशांगद मायावी मुलांची उंची गिळत असे, आणि रोज त्याची सावली हातभर लांब होऊन गावाकडे सरकत असे.

कोष्ट्याची बायको रेवंती पोटुशी होती. तिची थोरली मैना तीन वर्षांची, पण दिसे वर्षाच्या बाळाएवढी. एके सकाळी सावली त्यांच्या उंबऱ्याला टेकली आणि पोटातले बाळ हलेना. तशीच ती रानातल्या बोलत्या भारद्वाज पक्ष्याकडे गेली.

"पक्षिराज, माझे बाळ वाचेल?"

"तीन कामे कर. सर्पाच्या झऱ्याचे निर्मळ पाणी आण. ते घालून गावभरचे धान्य एका हंड्यात शिजव. त्यातले पहिले ताट तू जेव. एक जरी चुकले, तर सावली पोटात शिरेल."

झऱ्यावर सर्पाने फणा काढला. "भय वाटते?"

"वाटते. पोटातल्या बाळासाठी अधिक वाटते."

सर्प बाजूला झाला. तिने घागर भरली.

गावाने मात्र भीतीने दारे लावून घेतली होती. रेवंती हाका मारत फिरली. अखेर एक बाई आपले खुरटलेले पोर कडेवर घेऊन, मूठभर नाचणी घेऊन बाहेर आली. मग कुणी मूग आणले, कुणी तीळ, कुणी दूध. राजाही चौकात आला आणि त्याने स्वतः चूल पेटवली.

सावली आता झपाट्याने पसरू लागली आणि अन्न शिजेपर्यंत चौकात पोहोचली. रेवंती ताटाला हात लावणार, तोच सासूने, गिरजेने, मनगट धरले.

"पुरुषांआधी सून जेवणार? आमच्यात बायका उरलेलेच खातात. मीही तेच खाल्ले, आणि माझी तीन लेकरे..."

गिरजेने मनगट सोडले. सावली रेवंतीच्या गुडघ्यांवर चढली होती. म्हातारीने घास कालवला.

"खा, पोरी. लवकर खा!"

पहिला घास गिळला, तशी डोंगरावरून किंकाळी आली. दुसऱ्याला सावली मागे सरली. तिसऱ्याला कृशांगदाची राख झाली. पोटात बाळाने लाथ मारली, आणि रेवंती भर चौकात रडली.

राजाने दवंडी पिटवली: घरोघरी पहिले ताट गरोदर बाईचे, दुसरे लेकरांचे.

मैनेची गेलेली सारी उंची परतली नाही, पण ती धावू लागली. धाकटी मात्र सुदृढ जन्मली आणि वर्ष भरताच गिरजेचे बोट धरून उभी राहिली.