बहिणीचा बांध

एका गावात एक बांध होता. राजवाड्यांच्या आणि सिंहासनांच्या गोष्टी सगळेच सांगतात, म्हणून ही बांधाची. दोन शेतांच्या मध्ये उचलून घातलेली मातीची ओळ म्हणजे बांध. जोराचा पाऊस आला की तो पाणी अडवतो, माती धरून ठेवतो. हा बांध रुंदीला एवढाच होता की डोक्यावर पाटी घेतलेल्या दोघी समोरासमोर आल्या, तर दोघींनाही अंग चोरून आणि हसून वाट काढावी लागे.

त्या गावात आणि आसपासच्या गावांत एक जुनी रीत होती. शेत भावाचं, बांध बहिणीचा. लेक लग्न होऊन परगावी गेली तरी बांधावरचा तिचा हक्क जात नसे. सणासुदीला आली की बांधावरचं हवं ते खुडून नेई. नशीब फिरलं आणि ती कायमची माहेरी आली, तर बांधावर पेरून खाई. कुणापुढे हात पसरायची पाळी तिच्यावर येत नसे. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. शहाण्या माणसांनी पाळली, म्हणून ती टिकली होती.

भिवरा तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा तिच्या आईनं तिच्या हातात विळा दिला आणि बांधाकडं बोट दाखवलं. पुढं आई गेली. भिवरानं बांध राखला. तीळ, कारळे, अंबाडी, चवळी, कडेनं राजगिरा आणि टोकाला भोपळ्याचे वेल. धाकटा भाऊ सुभाना शेतात बाजरी पिकवी. त्याच्या घरात कालवणाला भाजी असे ती भिवराच्या बांधावरची, दिव्यात तेल असे ते भिवराच्या तिळाचं. चुलीपाशी ती जेवायला बसे ती ताठ मानेनं. भावजय हौसा तिला विचारल्याशिवाय चुलीवर भांडं ठेवत नसे.

बांधावरचं बीसुद्धा भिवराच जपे. वाळलेल्या भोपळ्यांत राख घालून ती बी भरून ठेवी. गावातल्या ज्या बाईचं बी संपे, ती तिच्या दारात येई. मागितलेल्या बियाला नाही म्हणायचं नाही आणि बी विकायचं तर मुळीच नाही, हीही तिथली रीतच होती.

एके वर्षी राजाचा कारभारी गावात आला. राजा स्वतः कधी राजवाड्याबाहेर पडत नसे. ताटात येतं ते कुठून तरी येतं, एवढंच त्याला ठाऊक होतं. कारभारी मात्र समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांकडून राज्य सुधारायची विद्या शिकून आला होता. चावडीवर गाव जमला. गाव म्हणजे पुरुष. बायकांनी चावडीचा ओटा चढायचा नाही, अशीही एक रीत होती, आणि ही मात्र डोळ्यांत तेल घालून पाळली जाई. बायका खाली लिंबाच्या झाडाआड उभ्या राहिल्या.

कारभारी गोड हसला आणि म्हणाला, “तुम्ही मागं का राहिलात ठाऊक आहे? तुम्ही जे खाता तेच पिकवता. कापूस पिकवा. व्यापारी रोकडा देतील. मग वाटेल ते विकत घ्या. आणि हे बांध कशाला? केवढी जमीन फुकट घालवता! मोडा ते. सगळ्या शिवाराचं एकच रान करा. मान्य असेल त्यानं हात वर करावा.”

पाटलानं हात वर केला. त्याच्या पाठोपाठ दुसरे वर गेले. सुभानाची नजर एकदा लिंबाकडं वळली. बहीण तिथं उभी होती. बांध आपला नाही, हे त्याला आईच्या तोंडून ऐकून पाठ होतं. त्यानं नजर वळवली आणि हात वर केला.

आधी मालकिणींना विचारू या, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसा सगळा गाव उदार झाला. स्वतःचं वीतभर रान कुणी दिलं नाही, बहिणींचं मात्र सगळं देऊन टाकलं. गाव एकमतानं तयार आहे, असं कारभाऱ्यानं राजाला कळवलं. खोटं बोलायला त्याला तसूभरही कष्ट पडले नाहीत, कारण त्याच्या हिशेबी ते खरंच होतं.

सुभाना कुदळ घेऊन आला तेव्हा भिवरा बांधावर उभी होती.

“आक्का, बाजूला हो. गावानं ठरवलंय.”

“गाव म्हंजी कोण रं? मी काय परगावची हाय?”

“तुला काय कमी पडू देईन का मी?”

“तू कोण मला कमी-जास्त करणारा? आजवर तुझ्याकडं काय मागितलंय व्हय?”

उत्तर नसलं की माणसं हत्यार चालवतात. सुभानानं कुदळ मारली. फुलावर आलेला तीळ मातीसकट पालथा झाला. शिवारभर तेच चाललं होतं. कुठल्या तरी बहिणीच्या डोळ्यांदेखत कुठला तरी भाऊ बांध फोडत होता, आणि वर ढोल वाजवून याला सुधारणा म्हटलं जात होतं.

पहिल्या वर्षी कापूस मायंदाळ आला. तो वेचला बायकांनी. भिवरा आणि हौसा उजाडल्यापासून वाकलेल्या असत. बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं सोलून निघाली. बाहेरगावच्या मजुरांना मजुरी मिळाली. घरच्या बायकांना कशाची द्यायची? त्या घरच्याच! कापूस विकला गेला तेव्हा रोकडा आला तो सुभानाच्या कनवटीला. त्यानं जरीकाठी फेटा घेतला, करकरीत वहाणा घेतल्या. आता बाजरी बाजारातून येई, तेल वाण्याकडून आणि भाजीही विकतची. मीठ संपलं तरी हौसाला नवऱ्यासमोर उभं राहावं लागे. “परवा तर दिलं व्हतं,” असं तो म्हणे. पूर्वी ज्या घरात बाई देत होती, त्या घरात ती मागू लागली. राजाच्या दरबारात मात्र राज्य कसं भरभराटीला आलं, याची गाणी चालली होती.

एका संध्याकाळी भिवरा दिवसभर कापूस वेचून जेवायला बसली. भूक सपाटून लागली होती. तिनं दुसरी भाकरी उचलली. समोर बसलेला सुभाना सहज म्हणाला, “आक्का, बाजरी आता विकत घ्यावी लागतीया.”

भिवरानं भाकरी टोपल्यात परत ठेवली. ती उठली, आढ्याला टांगलेले बियांचे भोपळे तिनं काढले आणि लुगड्यात बांधले. हौसा दारात आडवी आली, तोंडात पदर धरून रडू लागली.

“वन्सं, मला टाकून जाऊ नका.”

“तुलाबी बांध व्हता ना तुझ्या माहेरी? त्यो राहिला का?”

हौसानं नाही म्हणून मान हलवली. कारभारी तिच्या माहेरीही जाऊन आला होता, आणि तिच्या भावानंही हात वरच केला होता.

भिवरा डोंगरावरच्या एका वाडीवर गेली. तिथली जमीन खडकाळ. कारभाऱ्याची पालखी तिथवर चढत नव्हती म्हणूनच तिथं सुधारणा पोचली नव्हती. वाडीवरच्या बायकांनी तिला एक दगडी ताल, म्हणजे उतारावर दगड रचून घातलेला बांध, दिली. तिनं दगड वेचले, माती भरली आणि पुन्हा तीळ पेरला.

इकडं दुसऱ्या वर्षी समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांना दुसऱ्या कुठल्या राज्यात स्वस्त कापूस मिळाला. ते इकडं फिरकलेच नाहीत. सुभानाच्या घरात आढ्यापर्यंत कापूस रचून ठेवला होता आणि मडक्यात दाणा नव्हता. कापूस शिजवून खाता येत नाही, हे सांगायला कुणी विद्वान लागत नाही, पण गावाला ते आता उमगलं. त्यातच दुष्काळात तेरावा महिना यावा तसा मोठा पाऊस आला. पाणी अडवायला बांध नव्हते. शिवाराच्या एका टोकाला शिरलेलं पाणी दुसऱ्या टोकानं निघालं आणि जाताना पिढ्यान्‌पिढ्यांची काळी माती घेऊन गेलं. खाली पांढरा मुरूम उघडा पडला.

मग सुभाना अनवाणी डोंगर चढून बहिणीच्या दारात आला. फेटा कधीच विकला होता.

“आक्का, मूठभर बी दे.”

भिवरा तालीवर खुरपत होती. तिनं वर पाहिलं नाही. तिच्या मनात आलं, याच हातांनी माझा तीळ पालथा केला, आणि आज हेच पसरलेत! पण बियाला नाही म्हणता येत नव्हतं. रीत मोडणारे दुसरे होते, तिला ती मोडायची नव्हती.

“बी दीन,” ती म्हणाली. “पर इथं न्हाई. चावडीवर दीन.”

“चावडीवर? आक्का, तिथं उद्या कारभारी यायचाय.”

“मग तर बेसच झालं.”

दुसऱ्या दिवशी चावडीवर पुन्हा गाव जमला. कारभारी तेच गोड हसू घेऊन बसला होता. “दोष तुमचाच,” तो म्हणाला. “कापूस जाडाभरडा पिकवलात. आता व्यापारी नीळ मागतात. नीळ लावा. मान्य असेल त्यानं…” शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! तरीही जुन्या सवयीनं पाटलाचा हात उठायला लागला.

एवढ्यात भिवरा भोपळे कवटाळून ओट्याची पायरी चढली. सगळे दचकले.

“भिवरा, खाली उतर,” पाटील ओरडला. “रीत मोडू नगं!”

“रीत? बांधाची रीत मोडली तवा झोपला व्हता का पाटील? हात खुशाल वर करा. पर आदुगर एवढं सांगा, जे देताय ते कुणाचं हाय?”

कारभाऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. “कोण ही बाई? हिची जमीन किती?”

भिवरानं भावाकडं पाहिलं, नुसतं पाहिलं. सुभाना उठून उभा राहिला.

“माझी बहीण हाय. बांध तिचा व्हता. माझा नव्हता. म्या तिला न इचारता देऊन टाकला.”

खाली लिंबाआडून हौसा पुढं आली आणि ओटा चढली. मग एकेक करून बाकीच्या चढल्या. चावडीवर बसायला जागा उरली नाही, तेव्हा पुरुषांना सरकून बसावं लागलं. या खेपेला एकही हात वर गेला नाही.

कारभाऱ्याला यात शरम वाटली असेल, असं कुणी समजू नये. तो पालखीत बसला आणि दुसऱ्या गावी जाऊन तेच बोलला, तसाच हसला. तिथं हात वर गेले. राजानं त्याला शालजोडी दिली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना राजांकडून नेहमी शालजोडीच मिळते.

गावात मात्र पुरुषांनी पाट्या वाहून बांध पुन्हा घातले. भिवरानं भोपळे फोडले आणि ज्या बाईनं ओटी पुढं केली तिच्या ओटीत बी घातलं. वाहून गेलेली माती काही परत आली नाही. पुढं बरीच वर्षं त्या रानात बाजरी खुरटीच राहिली.

बांध पुरा झाला तेव्हा सुभाना म्हणाला, “आक्का, आता घरला चल.”

भिवरानं बांधावरची माती पायानं दाबून पाहिली.

“बांधावर येईन,” ती म्हणाली. “त्यो माझा हाय. तुझ्या चुलीपाशी येणार न्हाई, सुभाना. तिथली भाकरी तू मोजलीस.”

तिनं बांधाच्या टोकाला पुन्हा भोपळ्याचा वेल लावला, त्याच्याशेजारी खोप घातली आणि मरेपर्यंत तिथंच राहिली.

तात्पर्य: जिचं जाणार आहे तिला न विचारता केलेली सुधारणा ही लूटच असते. बांध पुन्हा घालता येतो, पण मोजून दिलेल्या भाकरीचा अपमान कोणत्याच सुधारणेनं भरून निघत नाही.