गुणाजीची बंडी

पिंपळदरा नावाच्या गावात एक भोळा शिंपी राहायचा. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. नाव गुणाजी. बाप होता तोवर त्यांच्या ओट्यावर गावाचे कपडे शिवले जायचे. बाप गेला, कात्री मागे राहिली आणि गुणाजी मागे राहिला. दोघांत धार फक्त कात्रीला होती.

लग्नाचं वय उलटून चाललं. मुली सांगून यायच्या आणि गावात चौकशी केली की वाट बदलून जायच्या. शेवटी शेजारच्या गावचा केरबा शिंपी आपली कौसा द्यायला तयार झाला. त्याची अट एकच.

"पोरानं सोताच्या हातानं सोतासाठी बंडी शिवावी अन् ती घालून माझ्यापुढं बसावं. बाह्या नकोत, कॉलर नको, खिसा नको. शिंप्याच्या पोराला एवढंबी जमत नसंल, तर माझी पोर त्याच्या घरात काय खाईल?"

गुणाजीची आई साळूबाई हिनं कबूल केलं. कापडाला हात लावणार नाही, नुसतं तोंडानं सांगेन, हेही कबूल केलं. मग तिनं बाजारातून कोरा मांजरपाट आणून पोरासमोर टाकला.

"गुणा, हे शेवटचं स्थळ हाय. हे गेलं तर तू जन्मभर बिनलग्नाचा ऱ्हाशील. माझ्यामागं तुला भाकर कोण थापून देणार?" तिला खरंच काळजी होती.

गुणाजीला काळजी नव्हती. त्यानं कात्री उचलली.

"थांब!" आई ओरडली. "नवी चीज आधी पाण्यात भिजवायची, मग वापरायची. न्हाईतर मागनं आटती. नीट ध्यानात ठेव."

"ठेवलं."

त्यानं कापड भिजवलं. इथवर सगळं बरोबर होतं. मग तो दुकानात गेला, सुया आणल्या, खुणा करायला खडू आणला. सगळं नवं होतं. त्यानं सगळं बादलीत भिजत घातलं. सकाळी सुया गंजून तांबारलेल्या, खडू गायब आणि पाणी पांढरं.

"आई, तुझं खरं हाय," गुणाजी म्हणाला. "खडू पार आटला."

साळूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आरं मुडद्या, ओलं दिसलं की उन्हात टाकावं, एवढीबी अक्कल नको? नीट ध्यानात ठेव."

"ठेवलं."

त्यानं कापड उन्हात टाकलं. सुया टाकल्या. मग घरात आणखी काय ओलं आहे ते बघायला गेला. बंडी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तूप कढवायचं म्हणून आईनं लोण्याचा गोळा पाण्यात ठेवला होता. पाण्यात, म्हणजे ओलाच. गुणाजीनं तो काढून कापडाशेजारी दगडावर ठेवला. दुपारी लोणी दगडावरून ओघळून कापडात गेलं. मग कुत्र्यानं आधी दगड चाटला आणि मग मन लावून कापड चाटलं.

"आरं, चीजवस्तू अशी उघडी टाकत्यात व्हय?" आई कुत्र्यामागे काठी घेऊन धावली. "उघडं दिसलं की आधी बंद करावं! नीट ध्यानात ठेव."

"ठेवलं."

कापड पुन्हा धुतलं, वाळवलं. आई दोन हात मागं बांधून उभी राहिली आणि सांगत गेली. कापड असं दुमड, इथं गळा काप, इथं दोन्हीकडे हातांसाठी मुंढे काप, आता दोन्ही कुशींना टीप घाल. गुणाजी करत गेला. सुई बोटात शिरायची, तो "आई गं" म्हणायचा, पण टाका पडायचा. संध्याकाळपर्यंत बंडी तयार झाली. वाकडी होती, पण होती. साळूबाईच्या जिवाला थंडावा वाटला. ती समाधानानं पाणी आणायला गेली.

गुणाजी बंडीकडे बघत बसला. बघतो तर गळा उघडा. दोन्ही मुंढे उघडे. खालची बाजू तर सताड उघडी. एवढ्यात पाहुणे आले असते म्हणजे? त्यानं सुई घेतली आणि सगळं घट्ट बंद करून टाकलं.

आई आली. "हे काय?"

"बंडी."

"ही उशी हाय! ह्यात तू शिरणार कुठनं?"

गुणाजीनं बंडी चारी बाजूंनी फिरवून पाहिली. हा विचार त्यानं केला नव्हता.

"जिथं अडंल तिथं कात्रीनं मोकळं करावं," आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "नीट ध्यानात ठेव."

"ठेवलं."

आधी तो स्वतः अडला होता बाहेर. म्हणून त्यानं खालची बाजू कापली आणि आत डोकं घातलं. आत काळोख. नजर अडली. त्यानं चाचपडत डोळ्यांसमोर दोन भोकं कापली. मग डोकं अडलं, गळा मोकळा केला. हात अडले, मुंढे मोकळे केले. बंडी खाली ओढली तेव्हा डोळ्यांची भोकं बरोबर छातीवर आली. साळूबाई भिंतीला टेकून खाली बसली, कारण तेवढ्यात दारात केरबा उभा होता.

केरबानं बंडी निरखून पाहिली. एक खांदा वर, एक खाली. टाके बैलानं पेरल्यासारखे. मग त्यानं छातीवर बोट ठेवलं.

"ही भोकं कशाला?"

"डोळ्यांना," गुणाजी म्हणाला.

केरबानं दोन्ही भोकांत बोट घालून पाहिलं. मग मान डोलवत म्हणाला, "साळूबाई, एक कबूल केलं पायजे. ही दुसऱ्या कुणी शिवून दिली असं म्हणायला जागाच न्हाई."

"माझं पोर सांगितलेलं सगळं ऐकतं हो," साळूबाई म्हणाली. हे अगदी खरं होतं, आणि खोटं बोलूनही इतकं नुकसान झालं नसतं.

केरबाला हे फार आवडलं. हुशार जावई सासऱ्याला उलट उत्तरं देतात, हे त्यानं थोरल्या मुलीच्या वेळी भोगलं होतं. घरी जाऊन त्यानं कौसाला सांगितलं. कौसा म्हणाली, "दादा, बंडीला डोळं? अन् मी त्याच्याशी लगीन करू?" केरबा म्हणाला, "ठरलंय." मुलींना विचारायची त्या गावात पद्धत नव्हती. सांगायची होती.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव केरबाच्या दारात पडला. नवऱ्या मुलाच्या हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं. केरबाला आपल्या धंद्याचा भारी अभिमान. त्यानं कट्यारीऐवजी चांगली पाजळलेली कात्री दिली आणि तिला लिंबू लावलं. जावयाचं उपरणं-फेटा सारखं करताना त्याला आत तीच बंडी दिसली. टाक्याटाक्याच्या गाठीला वीतवीतभर दोरे लोंबत होते.

"जावईबापू," केरबा कानात म्हणाला, "गाठ मारली की तिथंच जवळून कात्री लावावी. लोंबतं काही ठेवू नये. चार शिंपी आलेत, हसतील. नीट ध्यानात ठेवा."

"ठेवलं, मामा."

मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या, हार पडले. भटजींनी गुणाजीच्या उपरण्याची आणि कौसाच्या शालूच्या पदराची गाठ मारली. दोघं होमाभोवती सप्तपदी चालू लागले. कौसा मान खाली घालून पाऊल टाकत होती. साळूबाई आनंदानं डोळे पुसत होती.

गुणाजी मात्र गाठीकडे बघत होता. गाठ मारलेली होती. तिच्या एका बाजूला हातभर पदर लोंबत होता, दुसऱ्या बाजूला हातभर उपरणं. आणि चार शिंपी बघत होते.

त्यानं कात्रीचं लिंबू काढून भटजींच्या हातात दिलं. गाठीच्या या बाजूनं एकदा, त्या बाजूनं एकदा, कचकच जवळून कात्री लावली. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात सरळ चालला. गाठ सुटी होऊन त्याच्या तळहातावर पडली.

वाजंत्री थांबली. कौसानं आधी कापलेला शालू पाहिला, मग नवरा पाहिला. मग तिनं मान वर केली.

"भटजीबुवा, सातवं पाऊल पडलं का?"

"नाही, मुली. अजून पडायचंय."

"मग न्हाई पडत," कौसा म्हणाली. तिनं मुंडावळ्या सोडून पाटावर ठेवल्या आणि ताड ताड घरात निघून गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

केरबा छाती पिटत धावत आला. "आरं, हे काय केलंस? माझी पोर गेली की रं!"

गुणाजीनं तळहात पुढे केला.

"जाऊ द्या, मामा. गाठ माझ्यापाशीच हाय."