माळढोक सरांचा संघ

आटपाट जंगल होतं. तिथे एक पाणवठा होता आणि लोकशाही होती. उन्हाळ्यात दोन्ही आटत. पाणवठा कुणाचा, हे दरवर्षी डोंगरापलीकडच्या रानकुत्र्यांशी फुटबॉल खेळून ठरे.

संघाचे प्रशिक्षक होते माळढोक सर. ते निवडून आले होते आणि दुर्मीळ होते, त्यामुळे त्यांना हटवणं कायद्याने गुन्हा होता. गोलरक्षक होती गोदाक्का घोरपड. तिचं बीळ पाणवठ्याच्या काठाला, बिळात अकरा अंडी. तिला हा सामना खेळ वाटतच नव्हता.

सामन्याआधी कळपवार बैठका घ्यायची सरांची पद्धत होती. गव्यांना त्यांनी सांगितलं, चेंडू पायात ठेवून सावकाश खेळायचं, घाई ही परकी संस्कृती. चितळांना सांगितलं, वेग हाच आपला वारसा. वानरांना सांगितलं, चेंडू जमिनीला लागूच द्यायचा नाही. तिन्हीकडे टाळ्या पडल्या. गोदाक्का तिन्ही बैठकांना हजर होती, कारण तिला कळप नव्हता.

तिने सरांना गाठलं. "सर, चेंडू माझ्या हातात आला की मी तो कुणाला द्यायचा?"

सरांनी गळ्याची पिशवी फुगवली. "आक्का, आपल्याला सगळ्यांना बरोबर घेऊन जायचंय."

"पण चेंडू एकच आहे, सर."

"ही नकारात्मकताच आपल्याला मागे ठेवते," सर म्हणाले.

रानकुत्र्यांना एकच खेळ येत होता, पण तो अकराही जणांना येत होता. इकडे गवे चेंडूपाशी उभे राहिले. चितळं चेंडूशिवायच मैदानभर धावून आली. वानरांनी तर चेंडू मिळताच तो उंबरावर नेऊन ठेवला. तो उतरवायला सर्वकळपीय समिती नेमली गेली, आणि तिचं कामकाज मध्यंतरापर्यंत चाललं. गोदाक्का जीव तोडून झेपावत होती. तरी सात गोल झाले, त्यातले तीन आपल्याच गव्यांचे.

पाणवठा गेला. गोदाक्काने एकेक अंडं तोंडात धरून कोरड्या ओढ्यात हलवलं. तिला रडू येत होतं, पण पाणी वाया घालवण्याचे दिवस नव्हते.

चिंतन बैठकीत गवे म्हणाले, सर आपलेच, घात चितळांनी केला. चितळं म्हणाली, सर आपलेच, घात वानरांनी केला. वानरांनी गव्यांकडे बोट दाखवलं. पुढच्या निवडणुकीला सरच उभे राहणार, हे तिथेच ठरलं.

आता रानकुत्रे रोज तासभर पाणी सोडतात. कळपवार तीन रांगा लागतात. गोदाक्काने विचारलं, मी कुठे उभं राहू?

चौथ्या रांगेचं भूमिपूजन मतदानाच्या आदल्या आठवड्यात आहे.