शेवटची मोटार

मोटारी आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. जुन्या मोटारींच्या क्लबातले सगळ्यांचे लाडके कर्णिककाका वारले. पुढच्या फेरीला साऱ्या मोटारी त्यांच्या निळ्या मोटारीला, निळीला म्हणाल्या, "आज तू सगळ्यांच्या पुढे चल. काकांचा मान आहे तो."

निळी म्हणाली, "पण काका कायम शेवटी असायचे गं."

"तू हळू चालतेस म्हणून!" काळी फणकारली.

निळी आता काकांची लेक चालवत होती; तिने निळीला मागेच ठेवलं.

घाटातल्या वळणावर काळी तापून एकटीच उभी होती. बाकीच्या केव्हाच पुढे गेल्या होत्या. निळीने भोंगा वाजवला. लेकीने डिकीतून काकांचा पाण्याचा कॅन काढला.

"भोंगा ऐकून वाटलं, काकाच आले," काळी पुटपुटली.

"तू हो पुढे," निळी म्हणाली. "आम्ही आहोत मागे."